'पिवळा मारतो' : छटा की झाक?

गोरेगावला आमच्या हॉलचा रंग ठरवताना शेडकार्डातले दोन चौकोन उरले. दोन्ही पांढऱ्याच्या आसपासचे, डोळे फुटेस्तोवर बघितलं तरी सारखेच. रंगाऱ्याने मात्र एकावर बोट ठेवलं, "हा पिवळा मारतो." या 'मारतो'ला शब्द काय? मी 'छटा' म्हटलं, सासूबाई म्हणाल्या, "झाक म्हण गं."

— सासूबाई बरोबर आहेत. फिकट निळा, गडद निळा या निळ्याच्या छटा. झाक म्हणजे एका रंगातून डोकावणारा दुसरा रंग. तुमचे दोन्ही पांढरे सारखेच फिके असतील, पण एकात पिवळी झाक, दुसऱ्यात करडी. कोऱ्या पांढऱ्या कागदावर दोन्ही चौकोन शेजारी शेजारी ठेवून बघा, झाक लगेच उघडी पडते.

— पण 'मारतो' काय वाईट आहे? दूध नासायला लागलं की वास मारतो, तसाच हा पिवळा. लपवूनही लपत नाही ते मारतं. 'झाक' त्यामानाने सभ्य आहे, साडीच्या पदराला शोभणारी.

— मला इथे प्रत्ययांची गंमत वाटते. 'पिवळसर' म्हटलं की दुधावरची साय आठवते, 'पिवळट' म्हटलं की जुनं बनियन. काळसर-काळपट तसंच. '-सर' नुसता रंग सांगतो, '-ट' आणि '-पट' नाक मुरडून सांगतात. म्हणून दुकानदार कधी 'पिवळट' म्हणणार नाही, तो 'मोतिया' किंवा 'हस्तिदंती' म्हणेल! (हस्तिदंत कितीजणांनी पाहिलाय, हा प्रश्न वेगळा.)

— ताई, शब्द नंतर. आधी दिवे बघा. २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप) बल्ब पिवळी झाक वाढवतो, ६५०० ची पांढरी ट्यूब तीच दाबते आणि करड्याला निळसर करते. खिडकी पश्चिमेला असेल तर संध्याकाळी वेगळंच प्रकरण. भिंतीवर दोन्हीचे हात-दीड हाताचे तुकडे रंगवा, रंगाचे दोन हात द्या, आणि पूर्ण वाळल्यावरच ठरवा.

— तुकडे लावले. खिडकी पश्चिमेचीच आहे. दुपारपर्यंत फरक नव्हता, पाच वाजता करडी झाकवाला सिमेंटसारखा दिसायला लागला. शेवटी पिवळा मारणाराच घेतला. सासूबाई त्याला पिवळसर म्हणतात, नवरा पिवळट.