जर्मनीतली पहिली नोकरी: हातात किती पडतील?

प्रश्न
पुढच्या महिन्यात जर्मनीत रुजू होतोय. करारात 2,800 युरो ‘ब्रुटो’ आणि सहा महिने ‘प्रोबेत्साइट’ (प्रोबेशन) लिहिलंय. बायको, मुलगी सध्या भारतातच. हातात किती येतील? सुरुवातीला काय चुकतं?

उत्तर 1
ब्रुटो म्हणजे कपातीआधीचा पगार. खात्यात येतो तो नेटो. सामाजिक विम्याचा तुमचा वाटा: पेन्शन 9.3 टक्के, बेकारी विमा 1.3, आरोग्य विमा 7.3 अधिक क्रांकनकासच्या, म्हणजे आरोग्य विमा संस्थेच्या, जादा हप्त्याचा निम्मा भाग, आणि शुश्रूषा विमा, म्हणजे परावलंबी झाल्यास देखभालीसाठीचा विमा, 1.8 (सॅक्सनी राज्यात थोडा जास्त). सहाशेच्या आसपास युरो इथेच गेले. आयकर वेगळा. मूल नसेल तर वयाच्या 23 वर्षांनंतर शुश्रूषा विम्याला 0.6 टक्के जादा लागतात. मुलगी भारतात असली तरी तुम्ही पालकच, तेव्हा तिचा जन्मदाखला भाषांतरासह कंपनीत द्या.

उत्तर 2
पगारातून किती कर कापायचा ते करवर्गावर ठरतं. लग्न झालंय म्हणून कमी कपातीचा करवर्ग 3 मिळेल हे डोक्यातून काढा. बायको भारतात आहे तोवर वर्ग 1.

खरा घोळ होतो टॅक्स आयडीचा. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची नोंदणी, करायची. तिथे घर देणाऱ्याचं सहीचं पत्र मागतात, नुसता भाडेकरार चालत नाही. मग 11 अंकी आयडी टपालाने येतो. पत्रपेटीवर तुमचं नाव नसेल तर ते टपाल परत जातं! आयडी मिळाला नाही की कंपनी वर्ग 6 लावू शकते आणि कर भरमसाट कापला जातो. आयडी दिल्यावर हिशेब दुरुस्त होतो, पण तोवर हात आखडून राहावं लागतं. दोनेक महिन्यांचा खर्च जवळ ठेवा.

उत्तर 3
प्रोबेत्साइटमध्ये सहसा दोन्ही बाजूंना दोन आठवड्यांची नोटीस, कारण न देता. ती कागदावर, शाईच्या सहीनिशीच हवी. ईमेल ग्राह्य नाही.

आजारी पडलात तर त्याच सकाळी कामावर कळवा. तीन दिवसांहून जास्त आजारपण असेल तर चौथ्या दिवसापर्यंत डॉक्टरचा दाखला लागतो. काही करारांत पहिल्याच दिवशी, ते कलम वाचून घ्या. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत आजारपणाचा पगार द्यायला कंपनी बांधील नाही, तेव्हा क्रांकनकासकडे क्रांकनगेल्ड, म्हणजे आजारपणाचा भत्ता, मागायचा. त्यानंतर एका आजारासाठी सहा आठवडे पूर्ण पगार.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. पाच वर्षांच्या आत परतलो तर पेन्शन बुडाली का?

उत्तर 1
तसं नाही. पात्रतेला किमान 60 महिने लागतात, पण 1 मे 2017 पासून लागू असलेल्या भारत-जर्मनी करारामुळे भारतातला पेन्शन योजनेचा काळही त्यात धरला जातो. रक्कम मात्र जर्मनीत भरलेल्या हप्त्यांवरच ठरते. पीएफचा यूएएन जपून ठेवा.