समीक्षकांनी झोडपलेले आपले लाडके गाडीपट : तुमचे अनुभव येऊ द्या

बॉनेटबहाद्दर

दर मे महिन्यात कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाला 'अमेरिकन ग्राफिटी'च्या नावाने जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो. सिनेमातली गोष्ट मोडेस्टोची, १९६२ सालची. पण शूटिंग बरंचसं पेटालुमाच्या रस्त्यांवर झालं, म्हणून हा मान त्यांचा. यंदा तिथे एक पिवळी बत्तीसची फोर्ड कूपे होती, सिनेमातल्यासारखीच सजवलेली. बॉनेटच्या बाजूचे पत्रे काढून टाकलेले, इंजिनावर चार कार्ब्युरेटर उन्हात चमकतायत. मालक आजोबांनी स्टार्टर मारला आणि मला आमच्या हॉस्टेलमधली भाड्याच्या व्हीसीआरची रात्र आठवली. कॅसेट इतकी घासलेली की शर्यत सुरू झाली की टीव्हीवर गाड्या कमी आणि मुंग्या जास्त. तरी ती पॅराडाइज रोडवरची शर्यत मागे घेऊन घेऊन पाहिली.

त्याच सुमारास एका पेपरात इंग्रजी गाडीपटांवर लेख आला होता. साहेबांनी सगळे एका परिच्छेदात भंगारात काढले होते. आमच्यातल्या एकाने संपादकांना लांबलचक पत्र धाडलं, गिअर रेशोच्या तक्त्यासकट. छापलं नाही, अर्थातच.

परवा घरी आल्यावर समीक्षक पॉलीन केलने १९७३ साली 'न्यूयॉर्कर'मध्ये ग्राफिटीची जी हजेरी घेतली होती ती पुन्हा वाचली. बाई लिहितात जबरदस्त, पण बत्तीसच्या कूपेकडे त्यांचं लक्षच नाही! समीक्षक गोष्ट शोधतात आणि आपण कान लावून बसतो, असं काहीसं आहे का हे? १९९५ साली हाच सिनेमा अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत गेला, तेव्हा आम्हा मित्रांचे एकमेकांना फोन झाले होते.

तर मंडळी, तुमच्या लाडक्या गाडीपटाला कोणी धुतला तेव्हा काय केलंत? हॉट रॉडच पाहिजे असं नाही, गाडी मुख्य पात्र असली की झालं.

दोन_नंबर_गिअर

पहिला! 'टू-लेन ब्लॅकटॉप'. कुकर लावलाय, शिट्ट्या झाल्या की सविस्तर लिहितो.

स्नेहल_ट्रॉय

बॉनेटबहाद्दर ऊर्फ बॉब, धागा मस्त, पण मी केलबाईंच्या बाजूने. सिनेमा मलाही आवडतो, दर ऑगस्टला वुडवर्ड क्रूझला खुर्च्या टाकून बसणाऱ्यांपैकी आहे मी (डेट्रॉईटजवळची जुन्या गाड्यांची मिरवणूक, १९९५ पासून सुरू आहे, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी). पण पोरांचं पुढे काय झालं त्या शेवटच्या पाट्या आठवा. पिवळ्या कूपेवाला मिलनर दारुड्या ड्रायव्हरच्या धडकेत गेला, टेरी व्हिएतनाममध्ये बेपत्ता, स्टीव्ह मोडेस्टोत विमा एजंट, कर्ट कॅनडात लेखक. आणि लॉरी? कॅरोल? डेबी? रात्रभर त्याच गाड्यांत बसून फिरल्या ना त्याही? केलबाईंचा नेमका हाच आक्षेप होता. कूपेकडे त्यांनी पाहिलं नाही म्हणता, पण तुम्हीही कूपेत शेजारी कोण बसलंय ते पाहिलं नाहीत :)

बॉनेटबहाद्दर

स्नेहलताई, __/\__ . बिनतोड.

एसटीपुत्र

माझा अनुभव उलटा आहे. समीक्षक राहिले बाजूला, आमच्या घरातच धुलाई झाली.

वडील एसटीत चालक. कोकणातले घाट, जुन्या गाड्या, गिअरबॉक्सला सिंक्रो (गिअर सहज बसवणारी सोय) नावालाही नाही. २००१ चा 'द फास्ट अँड द फ्युरियस' मी सीडी आणून मोठ्या कौतुकाने दाखवायला बसलो. शर्यतीनंतर तो टकल्या (विन डिझेल) हिरोला झापतो ना, की डबल क्लच करायचा सोडून तू म्हातारीसारखे गिअर टाकतोस म्हणून, तिथे बाबांनी सिनेमा थांबवायला लावला. म्हणाले, "हा सरळ रस्त्यावर वरचे गिअर टाकतोय की आंबा घाट उतरतोय?"

मग सोफ्यावर बसल्या बसल्या प्रात्यक्षिक. डाव्या पायाने क्लच, हात न्यूट्रलवर, क्लच सोड, उजव्या पायाने ॲक्सिलरेटरचा एक ठोका, इंजिनाचा आवाज चढला की पुन्हा क्लच आणि मग खालचा गिअर. दात न वाजता बसला पाहिजे. हे घाटात खालच्या गिअरला येताना करायचं. नव्या सिंक्रोच्या गाडीत, शर्यतीत, वर जाताना केलंस तर तेवढ्यात शेजारचा पुढे निघून जाईल. एवढं बोलून ते उठून बाहेर गेले. त्याआधी शर्यतीतच लॅपटॉपवर 'डेंजर टू मॅनिफोल्ड' येतं आणि गाडीचा तळपत्राच गळून पडतो, तिकडे त्यांचं लक्ष गेलं नाही हे बरंच झालं.

पेपरवाल्यांची परीक्षणं यापुढे फार सौम्य वाटतात.

खडखडाट

"आंबा घाट उतरतोय" =)) =)) मेलो

गौरी_वाकड

एसटीपुत्र, बाबांना नमस्कार सांगा. माझे मामाही एसटीत होते, परळ डेपो. तुमचे बाबा कुठल्या डेपोला?

एसटीपुत्र

रत्नागिरी, ताई. निवृत्त झाले. नमस्कार पोचवतो.

नवी_सभासद_७७

मध्येच विचारते, हसू नका. हॉट रॉड म्हणजे आपल्याकडे मॉडिफाय करतात तसंच ना? नवऱ्याला विचारलं तर तो व्हिडिओच दाखवत सुटला, अजून संपलेले नाहीत.

तेलकट_हात

नवी सभासद, हसायचं काय त्यात. १९३२ मध्ये फोर्डने स्वस्तातल्या गाडीला व्ही-८ इंजिन दिलं. २२१ घनइंच, म्हणजे साधारण ३.६ लिटर, ताकद ६५ अश्वशक्ती. आज आपल्या छोट्या हॅचबॅकला याहून जास्त असते, पण तेव्हा व्ही-८ म्हणजे श्रीमंतांची चैन होती. काही वर्षांनी त्याच गाड्या सेकंडहँड बाजारात पडेल भावात आल्या. कॅलिफोर्नियातल्या पोरांनी मडगार्ड काढले, बंपर काढले, काहींनी टपही कापून खाली बसवलं. वजन कमी, इंजिन तेच. एल मिराजच्या कोरड्या पडलेल्या तळ्यात जाऊन सुसाट सोडायची. महायुद्धाहून परतलेल्या पोरांच्या हातात यंत्रांची सवय होती आणि खिशात थोडे पैसे, मग हे वेड पसरलंच. १९४८ मध्ये त्यांचं 'हॉट रॉड' मासिक निघालं, १९५१ मध्ये एनएचआरए ही हॉट रॉडवाल्यांची संघटना स्थापन झाली, रस्त्यावरच्या शर्यती खास धावपट्टीवर आणायला.

पण पन्नाशीच्या दशकातल्या सिनेमावाल्यांनी हे काहीच दाखवलं नाही. त्यांच्या हॉट रॉड सिनेमांत पोरं म्हणजे गुंड, शेवटी एक गाडी दरीत. त्या सिनेमांना समीक्षकांनी झोडपलं असेल तर माझी काही तक्रार नाही.

रंकाळा_रेसर

आमच्यात हॉट रॉड म्हंजे विलिस जीप. आज्ज्याची होती. तिला मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसवलंतं मिस्त्रीनं, बॉनेट लागंना म्हणून तसंच उघडं ठेवलंतं कितीतरी दिस. काय आवाज, काय धूर! गल्लीतली म्हातारी खोकत खोकत शिव्या देत हुती. त्ये आमचं परीक्षण.

आरटीओपीडित

रंकाळा भाऊ, आता करून दाखवा तसं. मोटार वाहन कायदा कलम ५२. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालणार नाही. मी फक्त टायर रुंद टाकले तर एका तपासणी नाक्यावर दोन तास उभा. साहेबांचं परीक्षण: पाचपैकी शून्य तारे.

रंकाळा_रेसर

जीप इकली ओ कवाच. आता त्या जागी म्हस बांधलीया.

दोन_नंबर_गिअर

आलो. तर 'टू-लेन ब्लॅकटॉप', १९७१. हा किस्सा सगळ्यांना माहीत नसेल. 'एस्क्वायर' मासिकाने सिनेमा लागायच्या आधीच एप्रिलच्या अंकात अख्खी पटकथा छापली आणि मुखपृष्ठावर याला वर्षातला सर्वोत्तम सिनेमा ठरवून टाकलं. सिनेमा आला आणि आपटला. मग त्याच मासिकाने वर्षाअखेरीच्या आपल्या टिंगलखोर पुरस्कारांत स्वतःच्याच मुखपृष्ठाची टर उडवली! असं तोंडावर पडलेलं कौतुक मी दुसरं पाहिलं नाही.

लोकांची तक्रार काय, तर सिनेमात काही घडतच नाही. पात्रांना नावंही नाहीत. ड्रायव्हर, मेकॅनिक, मुलगी, आणि वॉरन ओट्सच्या पात्राला तर त्याच्या पॉंटिअॅकवरूनच 'जीटीओ' म्हणतात. शर्यत लावतात आणि मध्येच ती विसरून जातात. शेवट नाहीच, फिल्मच जळते. पण ज्यांनी मित्राबरोबर जुनी गाडी घेऊन लांबचा प्रवास केलाय त्यांना विचारा, दिवस दिवस बोलणं काय होतं? "तापमान बघ." "आवाज येतोय का तुला?" "कसला?" "थांब. गेला." बस. यापेक्षा खरा सिनेमा कुठला?

माझी बायको पंचविसाव्या मिनिटाला झोपली. तिने मासिकाचीच बाजू घेतली, टर उडवणारी.

आणि बॉब, तुमच्या ग्राफिटीत हॅरिसन फोर्डकडे जी काळी पंचावन्नची शेवी (शेवरोले) आहे ना, ती ब्लॅकटॉपमधलीच. करड्या प्रायमरवर काळा रंग मारला एवढंच.

बॉनेटबहाद्दर

हे माहीत होतं पण तुम्ही सांगितलंत म्हणून गप्प बसलो :) अजून एक गंमत. ती शेवी टायर फुटून उलटते, म्हणून मिलनर जिंकतो. पण तो नंतर स्वतःच म्हणतो, मी हरतच होतो, तो पुढे निघाला होता. टेरी ते मानतच नाही. गाडीवेड्या माणसाचं एवढं खरं चित्र, आणि म्हणे यात काही नाही!

पद्मिनीप्रेमी

ग्राफिटीचा दिग्दर्शक जॉर्ज लुकास, त्याची स्वतःची गाडी कुठली होती सांगा पाहू? फियाट! बियांकीना, छोटीशी. जून १९६२ मध्ये, शाळा संपायच्या तोंडावर, त्याच गाडीतून त्याचा भीषण अपघात झाला. शर्यतीसाठी बसवलेला पट्टा तुटला, हा बाहेर फेकला गेला आणि म्हणून वाचला. गाडी झाडावर. त्यानंतर रेसिंगचं वेड सोडून सिनेमाकडे वळला. म्हणजे फियाटने जगाला काय दिलं बघा.

आणि आपण? ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटच्या पद्मिनी टॅक्सीला निरोप दिला. मी अजून एक राखून आहे, १९८६ ची.

खडखडाट

'व्हॅनिशिंग पॉइंट' कोणीच कसं काढलं नाही? १९७१ चाच. पांढरी डॉज चॅलेंजर, डेन्व्हर ते सॅन फ्रान्सिस्को. समीक्षकांचा वाद काय, तर हिरो कोवाल्स्की शेवटी बुलडोझरवर गाडी का घालतो याला कारणच नाही. आमच्या ग्रुपचा वाद काय, तर त्या धडकेत चॅलेंजर नाहीच, ६७ ची कॅमेरो आहे! फ्रेम थांबवून बघा. माणूस का मेला यावर आमच्यात एक शब्द झाला नाही, कॅमेरोवरून मात्र दोघं आठवडाभर बोलत नव्हते.

स्नेहल_ट्रॉय

=)) आणि हेच लोक म्हणे समीक्षक फार कठोर असतात.

नवी_सभासद_७७

नवरा म्हणतोय 'गॉन इन ६० सेकंड्स' लिही. लिहिलं.

तेलकट_हात

कुठला ते विचारा. २००० सालचा निकोलस केजचा समीक्षकांनी झोपवला आणि ठीकच केलं, करड्या मस्टँगपुरता बघावा. पण १९७४ चा मूळ! एच. बी. हॅलिकी. लिहिला त्याने, दिग्दर्शन त्याचं, पैसा त्याचा, हिरो तो, गाडी चालवणाराही तोच. शेवटचा पाठलाग जवळजवळ चाळीस मिनिटांचा आणि सिनेमात एकूण ९३ गाड्यांचा चक्काचूर. अभिनय यथातथाच, संवाद ऐकवत नाहीत, सगळं मान्य. पण त्यात कोणी कोणाला फसवलेलं नाही. पत्रा वाकतो तो खरा वाकतो. १९८९ मध्ये पुढच्या भागाच्या शूटिंगमध्येच बिचारा गेला.

गौरी_वाकड

मी 'टारझन : द वंडर कार'वाली आहे, मारा मला. २००४, शाळेत होते. पेपरात आलेलं परीक्षण भावाने मला मोठ्याने वाचून दाखवलं होतं, मुद्दाम. मी रडले. ती जांभळट गाडी डीसीने (गाड्या घडवणारे दिलीप छाब्रिया) घडवलेली आहे एवढंच मला ठाऊक होतं आणि तेवढंच पुरेसं होतं. पुढे टीव्हीवर इतक्यांदा लागला की तोच भाऊ आता त्याच्या लेकाला मांडीवर घेऊन बघतो.

खडखडाट

गौरीताई, ती गाडी आपोआप चालते तिथे डबल क्लच कोण करतं ते एसटीपुत्रांच्या बाबांना विचारायला हवं.

एसटीपुत्र

बाबांना धागा वाचून दाखवला. चॅलेंजर-कॅमेरोवर म्हणाले, "बरोबर आहे पोराचं, चेसिस नंबर बघायला पाहिजे."

पद्मिनीप्रेमी

जाता जाता, माझ्या ८६ च्या कार्ब्युरेटरचं किट कोणाकडे आहे का? लालबागच्या दुकानात विचारलं, नाही म्हणाले. सकाळी चोक ओढूनही खोकते नुसती.

तेलकट_हात

काका, किट बदलायच्या आधी फ्लोट चेंबर उघडून तळाची घाण बघा. पेट्रोल टाकीत गंज असेल तर नवं किटही तसंच खोकणार. टाकी कधी काढली होती शेवटची?

पद्मिनीप्रेमी

टाकी काढलीच नाही कधी. व्यनि (खासगी निरोप) करतो, फोटो बघून सांगा.