स्ट्रोक्सटाऊनचा रस्ता एवढा रुंद का?

पायवाट:
डब्लिनहून वेस्टपोर्टला जाताना रॉसकॉमन परगण्यातल्या स्ट्रोक्सटाऊन या गावी चहापुरते थांबलो. वस्ती हजाराच्या आतली, पण मुख्य रस्ता राजधानीला शोभेल इतका रुंद, आणि त्याच्या टोकाला जमीनदाराच्या वाड्याची कमान. हा रस्ता व्हिएन्नाच्या रिंगस्ट्रास या भव्य रस्त्यावरून बेतला आहे असे तिथे सांगण्यात आले. ते खरे आहे का?

जुनीवही:
कथा गोड आहे, पण तारखा जुळत नाहीत. रिंगस्ट्रास बांधण्याचा हुकूम डिसेंबर १८५७ मध्ये निघाला; स्ट्रोक्सटाऊनचा रस्ता त्याच्या कितीतरी आधीचा आहे. तो माहोन या जमीनदार घराण्याने, आपल्या वाड्याकडे येणाऱ्याचे डोळे दिपावेत म्हणूनच आखला, असे मला वाटते.

कालवाकाठ:
याच वाड्याची जहागीर १८४५ साली मेजर डेनिस माहोनकडे आली आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या बटाट्यावर करपा पडून दुष्काळ सुरू झाला. कुळांचा खंड थकला, शिवाय वर्कहाऊसच्या, म्हणजे निराधारांना ठेवण्याच्या आश्रयगृहाच्या, खर्चासाठीचा कर जमीनदारांवर पडू लागला. तेव्हा कुळांना वर्षभर तिथे पोसण्यापेक्षा कॅनडाला पाठवणे जवळजवळ निम्म्या खर्चात होईल, असा हिशेब कारभाऱ्याने मांडला. मे १८४७ मध्ये १,४९० माणसे रॉयल कालव्याच्या काठाने डब्लिनपर्यंत चालत गेली आणि लिव्हरपूलहून क्वेबेककडे निघाली. ‘व्हर्जिनियस’ जहाजावरच्या ४७६ प्रवाशांपैकी १५८ जण समुद्रातच दगावले. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला रॉसकॉमनहून घरी परतताना माहोनला गोळी घालण्यात आली.

पायवाट:
पण जहाजाचे भाडे त्यानेच भरले होते ना? इतर कित्येक जमीनदारांनी तेवढेही केले नाही.

जुनीवही:
भरले हे खरे, परंतु त्याला उदारपणा म्हणायला मी तयार नाही, कारण ज्यांनी जाण्यास नकार दिला त्यांच्या घरांवरही जप्ती आली. हे सारे आज कळते ते १९७९ मध्ये एका स्थानिक गॅरेजमालकाने ही मालमत्ता विकत घेतली आणि वाड्यातली जुनी कागदपत्रे त्याच्या हाती लागली म्हणून. त्यांत याच जहागिरीतल्या क्लूनाही या वस्तीच्या कुळांचा ऑगस्ट १८४६ चा अर्ज आहे: पोरांचा भुकेचा आक्रोश आता सहन होत नाही, आम्हाला काम द्या, अशी त्यांची विनवणी होती. १९९४ पासून वाड्याच्या जुन्या तबेल्यात दुष्काळाचे संग्रहालय आहे. पुढच्या वेळी चहाआधी तिथे जा, आणि वाड्यातल्या स्वयंपाकघराचा सज्जाही पाहा. बाईसाहेब आठवड्याच्या जेवणाची यादी तिथूनच खाली टाकत असत.