मदत हवी आहे: नाईट शिफ्टवाल्यांनी मेलाटोनिन कधी घ्यायचं?

नमस्कार मंडळी, ह्यांची हिंजवडीत यूएस शिफ्ट आहे, सकाळी उजाडल्यावर घरी येतात आणि मग झोपच लागत नाही, कुणीतरी ऑफिसात ३ एमजी मेलाटोनिन सांगितलं म्हणून आणलंय. मी वाचलं ते असं की हे हार्मोन मेंदूतली पिनिअल ग्रंथी अंधार पडला की सोडते आणि डोळ्यावर उजेड आला की बंद करते, म्हणजे ही काही गुंगीची गोळी नाही, शरीराला रात्र झाली एवढंच सांगते. मग येताना बाइकवर गॉगल लावून उपयोग होतो का? बेडरूमला जाड पडदे लावलेत, मोबाइल मात्र सुटत नाही (तो वेगळाच विषय 😀). गोळी झोपायच्या किती आधी घ्यायची, ०.५ एमजीने भागतं का? त्यात बीपीची मेटोप्रोलोल चालू आहे, ती बीटा ब्लॉकर प्रकारातली गोळी, आणि बीटा ब्लॉकरने शरीरातलं मेलाटोनिन कमी होतं म्हणतात. डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण शिफ्टवाल्यांचा अनुभव हवाय.