पीसी-९८ आधुनिक मॉनिटरवर कसा जोडायचा? मदत हवी आहे

मंडळी, मी योकोहामात राहतो आणि इथेच एनईसीचा सेकंडहँड पीसी-९८०१डीए (पीसी-९८ ह्या जुन्या जपानी संगणक मालिकेतला) घेतलाय, १९९१ चं मॉडेल, ३८६ प्रोसेसर. मशीन सुरू होतं, तो ओळखीचा 'पिपो' आवाज येतो, फ्लॉपीवरचा गेम लोड होतो, एफएम म्युझिकही झकास वाजतं, फक्त चित्र नाही. म्हणजे मशीनमध्ये बिघाड नसावा, घोळ सिग्नलचाच. हा ६४० बाय ४०० चं चित्र साधारण २४.८ किलोहर्ट्झ (आडव्या ओळींचा वेग), ५६.४ हर्ट्झला (दर सेकंदाला चित्रं) देतो आणि नेहमीचे व्हीजीए मॉनिटर ३१ किलोहर्ट्झच्या खाली उतरायला तयार नसतात.

१५ पिनवाल्या दोन ओळींच्या पोर्टला व्हीजीए अ‍ॅडाप्टर लावून घरचे मॉनिटर बघितले, सगळीकडे 'आउट ऑफ रेंज'. मग स्वस्तातला जीबीएस-८२०० (जुना सिग्नल व्हीजीएमध्ये बदलणारा बोर्ड) लावला, चित्र आलं पण उजवी कड कापली जाते आणि जपानी कांजी अक्षरं इतकी थरथरतात की अ‍ॅडव्हेंचर गेम वाचताना डोकं धरतं. सेटिंग फिरवून, केबल बदलून झालं. ग्राफ आणि २ ह्या कळा दाबून ३१ किलोहर्ट्झला नेण्याची युक्ती नंतरच्या ९८२१ मॉडेलांसाठी आहे, इथे चालत नाही, त्यामुळे ती कृपया सुचवू नका. आतली जुनी बॅटरी काढलीय, गळती नव्हती.

खोली लहान, त्यामुळे सीआरटी नको (मन होतंय, पण ठेवू कुठे). बजेट २० हजार येनपर्यंत. एम्युलेटर माहितीये, मला खऱ्या मशीनवरच खेळायचंय.

तर ह्याच जीबीएसवर जीबीएस-कंट्रोल (त्याच बोर्डसाठीचं पर्यायी फर्मवेअर) टाकून अक्षरं स्थिर होतात का, की सरळ ओएसएससी (जुना अ‍ॅनालॉग सिग्नल डिजिटल करणारा कन्व्हर्टर) घ्यावा, आणि घेतला तर ५६ हर्ट्झ नीट दाखवणारा कुठला मॉनिटर तुम्ही स्वतः वापरलाय?