हायस्कूलच्या मुलांसाठी वैद्यकीय प्रात्यक्षिके : मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. वैद्यकीय क्षेत्र म्हटले की आमच्या मुलांना डॉक्टर आणि नर्स एवढेच ठाऊक असते. लॅब टेक्निशियन किंवा फिजिओथेरपिस्ट यांचे काम त्यांना कोणी जवळून दाखवलेलेच नाही. गेल्या महिन्यात मी वर्गात स्टेथोस्कोप नेला, तेव्हा नववीतल्या एका मुलीने मैत्रिणीच्या छातीचे ठोके ऐकले आणि तास संपला तरी तो कानांतून काढेना.

म्हणून दसऱ्याच्या सुट्टीत दोन दिवसांचे शिबिर घ्यावे, असे मनात आहे. रक्तदाब मोजणे, जखमेला पट्टी बांधणे आणि मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबून सीपीआर (हृदय बंद पडलेल्या माणसाला द्यायचा तातडीचा उपचार) देणे, एवढे तरी प्रत्येकाने स्वतःच्या हाताने करावे. नुसती भाषणे मला नको आहेत.

अडचण अशी, की सीपीआरच्या सरावासाठी लागणारा पुतळा आमच्याकडे नाही आणि जिवंत माणसाची छाती दाबून तो सराव करता येत नाही. बेळगावच्या वैद्यकीय महाविद्यालयांकडून तो दोन दिवसांसाठी मिळवायचा असल्यास अर्ज कोणत्या विभागाकडे करावा, आणि तो कन्नडमध्येच द्यावा लागेल का? मुलांना मराठीतून समजावून सांगतील असे नर्सिंगचे विद्यार्थी कोणाच्या ओळखीत असल्यास कृपया कळवावे.