अंदमान, लक्षद्वीप की मॉरिशस? (सोबत आई आणि तिचे गुडघे)

गोदाकाठ:
मंडळी, बेटावर जायचं हे ठरलंय, कुठल्या ते ठरेना. आम्ही दोघं, आठ वर्षांची लेक आणि सत्तरीची आई. आई शाकाहारी, गुडघे दुखरे, पण सावरकरांची कोठडी पाहायची तिची फार वर्षांची इच्छा. नवऱ्याला लक्षद्वीपचं वेड लागलंय, नणंद म्हणते मॉरिशस. सुट्टी मेमध्ये किंवा नाताळात. काय करू?

निळाई:
लक्षद्वीप! पाणी इतकं नितळ की तळाची वाळू दिसते. परवाना लागतो, तो आधी काढा. अगत्तीपर्यंत विमान आहे, नाहीतर कोचीहून जहाज.

खाडीपलीकडे:
निळाई, पाण्याबद्दल वादच नाही. पण जहाजाने गेलं तर बऱ्याच बेटांवर ते धक्क्याला लागत नाही. भर समुद्रात जहाजातून छोट्या होडीत उतरायचं. खलाशी हात धरतात, पण होडी वरखाली होत असताना नेमका पाय टाकायचा असतो. माझ्या सासूबाईंनी तिथे रामरक्षा म्हटली होती. दुखऱ्या गुडघ्यांना हे नको.

गोदाकाठ, मे की नाताळ ते आधी ठरवा. पाऊस केरळच्याही आधी, मेच्या उत्तरार्धात अंदमानात पोचतो, आणि समुद्र खवळला की बोटी रद्द. त्यामुळे मेमध्ये मॉरिशस बरं. ते विषुववृत्ताच्या दक्षिणेला, तेव्हा तिथे थंडीची चाहूल असते. व्हिसा आधी काढावा लागत नाही, आईंचा पासपोर्ट मात्र हवा. (तिथे गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते! एकोणिसाव्या शतकात उसाच्या मळ्यांवर गेलेल्या आपल्या माणसांनी गणपती तिकडेही रुजवला.) नाताळात तिकडे उन्हाळा आणि चक्रीवादळांचा हंगाम.

नाताळ असेल तर डोळे मिटून अंदमान. फक्त एजंट बाराटांग बेटाची सहल गळ्यात मारेल, त्याला नाही म्हणा. पहाटे उठून गाड्यांच्या ताफ्यात जारवा आदिवासींच्या जंगलातून जायचं, मग होडी, मग तिथल्या गुहेपर्यंत पायपीट. त्यापेक्षा नील बेटावर, म्हणजे आताच्या शहीद द्वीपला, निवांत राहा. बेट लहान, बरंचसं सपाट, रिक्षा मिळते. हॅवलॉक बेटावर राधानगर किनाऱ्यावरचा सूर्यास्त बघायचा तर दुपारची डुलकी विसरा, डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो.

गोदाकाठ:
नाताळ पक्का! नवरा जरा रुसलाय, पण बघू. आईच्या जेवणाचं काय? आणि कोठडी वरच्या मजल्यावर आहे का?

निळाई:
नवऱ्याला सांगा, लक्षद्वीप कुठे पळून जात नाही :)

खाडीपलीकडे:
बंगाली वस्ती मोठी, त्यामुळे मासे जिकडेतिकडे, पण शाकाहारी थाळीही मिळते. बोटीच्या दिवशी मात्र दशम्या-चटणी जवळ असू द्या.

कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, पार टोकाला. जिना चढावाच लागतो, म्हणून सकाळी ताज्या पायांनी न्या. तुरुंगाच्या सात इमारतींपैकी आता तीनच उभ्या आहेत, बाकी फिरणं आवारातच. सावरकरांचे थोरले भाऊ बाबारावही इथेच होते, हे लेकीला आधी सांगून ठेवा. संध्याकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम बसून बघायचा असतो, आईंना तो झेपेल. हिंदीतल्या खेळाची तिकिटं काढा.

आणि लेकीला शंखशिंपले, पोवळी बॅगेत भरू देऊ नका. विमानतळावर तपासणीत काढून घेतात, मग तिची समजूत काढत बसावं लागेल.